लॉग बघून खडक मॉडेलने ठरवावा का?

यवतेश्वर, सातारा
तेलविहिरीत उपकरण सोडून खोलीप्रमाणे घेतलेल्या नोंदी म्हणजे लॉग. गॅमा (खडकाचा नैसर्गिक किरणोत्सार), डेन्सिटी (घनता), न्यूट्रॉन (सच्छिद्रतेसाठी), रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) हे लॉग मशीन लर्निंगच्या मॉडेलला द्यायचे आणि शेल (चिखलाचा खडक), वाळूखडक की चुनखडक ते त्याने सांगायचं, असं काम आता सर्रास चालतं. माझा याला विरोध आहे, कारण यात कटिंग्ज (खोदताना वर येणारे खडकाचे तुकडे) भिंगाखाली बघणारा माणूस हळूहळू बाजूला पडतोय. वाळूखडकात अभ्रक किंवा पोटॅश फेल्डस्पार भरपूर असेल तर त्यांतल्या पोटॅशियममुळे गॅमा शेलसारखाच चढतो, मॉडेल त्याला शेल म्हणून मोकळं होतं. आणि तेल नेमकं त्याच थरात असलं तर?

कृष्णाकाठ, सांगली
काका, मी हेच काम करते. कोअर (खडकाचा अखंड दंडगोल) काढणं महाग, त्यामुळे बहुतेक जुन्या विहिरींचे फक्त लॉग आहेत. ते सगळे माणसाने कधी वाचून व्हायचे? लॉगवरून खडक ओळखायच्या २०२० च्या फोर्स (नॉर्वेतल्या तेल उद्योगाचा मंच) स्पर्धेत नॉर्वेच्या समुद्रातल्या शंभरावर विहिरी होत्या, १२ खडकप्रकार. जवळच्या खडकांत गल्लत झाली तर दंड कमी, भलताच खडक सांगितला तर जास्त. भूवैज्ञानिकाची नजर त्या गुणपद्धतीतच घातली होती.

कराडकर
ताई, त्या माहितीत निम्म्याहून जास्त नोंदी शेलच्या आहेत. डोळे मिटून शेल-शेल म्हणत गेलं तरी निम्मी उत्तरं बरोबर! दुसरं, लॉगची नोंद साधारण दर अर्ध्या फुटाला असते. एकाच विहिरीतल्या नोंदी पिसून काही शिकायला, काही परीक्षेला ठेवल्या, तर शेजारच्या नोंदीमुळे पेपर आधीच फुटलेला असतो. अचूकतेचे बरेच दावे असेच फुगलेले असतात.

कृष्णाकाठ
म्हणूनच अंतिम परीक्षा अख्ख्या झाकून ठेवलेल्या विहिरींवर झाली. २०१६ च्या, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या विहिरींवरच्या अशाच स्पर्धेतही तसंच होतं, आणि तिथे पहिल्या आलेल्या गटाचा एफ-वन गुणांक (ओळख किती बरोबर याचं माप, जास्तीत जास्त १) ०.६४ च्या आसपासच होता. हे आम्ही लपवत नाही.

यवतेश्वर
आता आपल्या मुलखात या. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठण्याला ३ किमी खोल बोअर घेतलं, २०१७ मध्ये पूर्ण झालं. वर सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, खाली थेट ग्रॅनाइट-नाइस. नॉर्वेच्या त्या १२ प्रकारांत बेसॉल्ट नाहीच. इथे कुठे तेल आहे, असं म्हणाल. पण वडोदऱ्याजवळ पादऱ्याला ते दख्खनच्या बेसॉल्टमध्येच सापडलंय.

कृष्णाकाठ
तिथल्या विहिरी देऊन मॉडेल नव्याने शिकवावं लागेल, हे कबूल. पण शिकवलेल्या पल्ल्याबाहेरची नोंद आम्ही आधीच वेगळी काढून माणसाकडे पाठवतो.

यवतेश्वर
पल्ल्याबाहेर ती जाईलच कशी? घट्ट बेसॉल्टचा गॅमा कमी, घनता २.९ च्या घरात. अॅनहायड्राइटचंही (जिप्समसारखा, पण पाणी नसलेला क्षारखडक) जवळपास तसंच, आणि तो तुमच्या १२ मध्ये आहे. कटिंग्जमध्ये मात्र एक काळा दिसतो, दुसरा पांढरा.