बंड्याला 'बस' कुठल्या भाषेत सांगायचं?

(बिल्डिंगचा ग्रुप)

२०३ काकू: आज परत तेच. दुधाची पिशवी घेऊन लिफ्टमधनं बाहेर पाऊल टाकते तोवर ४०१ चा कुत्रा बंड्या अंगावर! धुतलेल्या इरकलवर चिखलाचे दोन पंजे. चावत नाही, मान्य. पण मी पडले असते तर?

४०१: काकू, मनापासून सॉरी. साडी मी ड्रायक्लीनला देतो. पावसामुळं आठवडाभर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरवायला नेलं नाही, त्यामुळं नुसता उधळलाय.

१०२ आजोबा: बेळगावात पाऊस काय यंदाच पडायला लागला?

३०४: कुत्री पाळायचीच नाहीत, असा ठराव करा. रात्री बाराला पण भुंकूलालाय.

सेक्रेटरी: तसा ठराव करता येत नाही. पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत. शिस्त लावा म्हणून मालकाला सांगू शकतो, तेवढंच.

३०४: दोन वर्षांचं घोडं झालंय, आता काय शिकतंय!

१०४ वहिनी: शिकतंय की. खानापूरला माहेरी आमच्याकडं कायम दोन-तीन कुत्री असायची. आधी हे सांगा, उडी मारायला त्याला शिकवलं कुणी? आपणच. पिल्लू होता तेव्हा उडी मारली की अख्खी बिल्डिंग 'अले बंड्या' करत उचलून घ्यायची. आता पंचवीस किलोचा झाल्यावर नियम बदलला, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

'ए नको, खाली' म्हणून हातानं ढकलता ना, तो खेळच वाटतो त्याला. पाठ फिरवा, हाताची घडी, तोंडातनं शब्द नाही. चारी पाय जमिनीला टेकले की मग हाक आणि लाड. पहिले चार-पाच दिवस उलट जास्त उड्या मारेल, कारण आजवर चाललेलं एकदम का चालेना ते तो बघणार. तेवढ्यात एकानं जरी 'जाऊ दे बिचारा' म्हणून कुरवाळलं की तो आणखी चिवट होतो.

१०२ आजोबा: अंगात मुधोळ आहे म्हणतोस ना रे त्याच्या? ते नजरेनं शिकार करणारं कुत्रं. पळणारं दिसलं की मागं लागणारच, पोरांना पार्किंगमध्ये त्याच्यासमोर पळू नका म्हणावं. २००५ ला टपाल खात्यानं मुधोळचं तिकीट काढलं होतं, माझ्या अल्बममध्ये आहे.

३०४: आजोबा, तिकिटावरचं अंगावर येत नाही.

४०१: वहिनी, बसायला कसं शिकवू? कंबर दाबली की उलट ताठ उभा राहतो.

१०४ वहिनी: दाबायचं नाहीच. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकासमोर धर आणि हात हळूच डोक्यावरनं मागं ने. मान वर गेली की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा तोंडात. तू खिशात चाचपडत बसलास तर तोवर तो उठलेला असतो, मग बक्षीस उठल्याचं होतं. पाच-पाच मिनिटं, दिवसातनं दोन-तीनदा, जेवायच्या आधी. आणि केलेल्या खोडीबद्दल अर्ध्या तासानं रागावू नकोस, त्याला काही संबंध लागत नाही.

३०२: तुकड्याऐवजी कुंदा चालेल काय? 😄

१०४ वहिनी: नको गं, गोड नको. मनुका, चॉकलेट, कांदा तर अजिबात नको, कुत्र्याला विषच ते.

४०१: पण घरात कधीतरी बसतो, खाली आला की ऐकतच नाही.

१०४ वहिनी: त्याला कोण काय म्हणतं?

४०१: मी 'सिट'. आई 'बस'. लेक 'सिट डाऊन बंड्या प्लीज'. आणि वॉचमन मामा कानडीत 'कुंद्र'.

१०४ वहिनी: मग बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं? सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवा. तो एकदाच म्हणायचा, 'बस बस बस' असा जप नाही.

२०३ काकू: 'बस'च ठेवा. आपली भाषा.

सेक्रेटरी: काकू, दिवसभर आपण 'बस झालं', 'बस चुकली', 'बसा हो' म्हणत असतो. त्याच्या कानाला तो शब्द बोथट झालाय. 'कुंद्र' आपल्या बोलण्यात येत नाही, आणि मामांचं तो सगळ्यात जास्त ऐकतो.

३०४: म्हणजे सीमाप्रश्न बंड्यानं सोडवला म्हणायचा.

सेक्रेटरी: हा विषय ग्रुपवर नको 🙏

१०२ आजोबा: मामा रोज गेटवर त्याला भाकरीचा तुकडा देतो, 'कुंद्र' म्हणून, बसल्यावरच. मी बघतो की. आपल्यात शिकवणारा तो एकटाच होता.

(सहा दिवसांनी)

४०१: पट्टा ओढणंही कमी झालंय. ओढलं की मी खांबासारखा उभा, पट्टा सैल झाला की पुढं. पहिल्या दिवशी गेटपासनं कोपऱ्यापर्यंत वीस मिनिटं लागली, लोक बघत होते.

२०३ काकू: आज लिफ्टपाशी मी 'कुंद्र' म्हटलं. बसला की! पण आता माझ्या पर्सकडं बघत शेपटी हलवतोय. मी शाकाहारी, त्याला देऊ काय?

१०४ वहिनी: गाजराचा बारीक तुकडा, काकू. लवकर द्या, उठायच्या आत.