गणिताच्या चाचणीनंतर पुढे काय करावे?

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत अनेक मुलांनी 0.45 ही संख्या 0.6 पेक्षा मोठी ठरवली. उत्तरपत्रिकांवर गुण आणि शेरे दोन्ही लिहूनही मुले केवळ गुण पाहतात आणि कागद मिटून ठेवतात. या चाचणीचा त्यांना शिकण्यासाठी उपयोग कसा व्हावा?

उत्तर 1 : गुण काही काळ बाजूला ठेवून पाहावेत. रूथ बटलर यांच्या 1988 मधील अभ्यासात केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, मात्र शेऱ्यांसोबत गुणही दिल्यावर तो लाभ दिसला नाही. शेराही ‘अधिक सराव कर’ असा मोघम नसावा, ‘0.6 म्हणजे किती शतांश ते लिहून पुन्हा तुलना कर’ असे पुढचे पाऊल त्यात असावे आणि त्यासाठी वर्गातच वेळ द्यावा.

उत्तर 2 : मला प्रश्नांची निवड अधिक महत्त्वाची वाटते. 45 हे 6 पेक्षा मोठे, म्हणून 0.45 मोठे असे मानणारी मुले तुमच्या जोडीत सापडतात. परंतु ‘दशांश चिन्हानंतर अंक कमी, तर संख्या मोठी’ अशी उलट समजूत असलेल्यांचे उत्तर येथे बरोबर येते आणि त्यांची चूक झाकली जाते. म्हणून 0.75 आणि 0.6 ही जोडीही द्यावी व प्रत्येकाकडून कारण लिहून घ्यावे.

प्रश्नकर्ती : ही दुसरी समजूत माझ्या लक्षातच आली नव्हती. उद्या दोन्ही जोड्या देते आणि या वेळी फक्त शेरे लिहिते.