मदत हवी आहे: हत्तींच्या सफारीचं बुकिंग कसं करू?

वारणाकाठ: मेमध्ये जायचंय. तीन दिवस साइटवर झगडतेय, काही होत नाही. शुक्रवारपर्यंत रजा टाकायची आहे. कृपया लवकर सांगा.

मिरजकर: कुठलं जंगल? किती जण? वयस्कर कोणी आहे का?

पाथरपुंज: एवढ्या लांब कशाला? आपलं चांदोली बघा की. गवे आहेत, आता वाघपण आहेत.

वारणाकाठ: दादा, चांदोलीत हत्ती नाहीत. आईला रानातला हत्ती बघायचाय. कर्नाटकातलं नागरहोळे, कबिनी धरणाची बाजू. आई, मी, आठ वर्षांचा मुलगा.

कराडचा: मग आजरा-चंदगडला जा, फुकट दिसतील.

आजरेकर: असं कोणाला सांगू नका. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, पुढं आमच्याकडं आले. मामाचा ऊस एका रात्रीत आडवा झाला. त्यात लोक गाड्या घेऊन बघायला येतात, बॅटऱ्या मारतात. हत्ती बिथरला की वस्तीकडं वळतो, आणि रात्रभर जागतो आम्ही.

मिरजकर: आजरेकरांचं बरोबर आहे. ताई, मे उत्तम. कबिनी धरणाचं पाणी उतरतं, उघड्या काठावर कोवळं गवत येतं, नागरहोळे आणि शेजारचं बंदीपूर जंगल, दोन्हीकडचे कळप तिथं येतात. वळीव जोरात झाला तर मात्र पांगतात. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसकडे जीप आणि बोट दोन्ही आहेत. आईंसाठी बोटच घ्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वाघांच्या हल्ल्यांनंतर दोन्हीकडच्या सफारी थांबवल्या होत्या, म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून काय चालू आहे ते विचारा.

कृष्णामाई: बोटीतून लांबूनच दिसतात. जीपच घ्या.

मिरजकर: लांबून, पण निवांत. पिल्लं पाण्यात लोळताना आम्ही तासभर बघितली. जीपमध्ये माझ्या आईची कंबर धरली होती.

शिरोळ: हत्ती म्हटलं की आमच्या मठाची हत्तीण माधुरी आठवते. २०२५ मध्ये नांदणीहून वनताराला नेली, अजून मठाकडं बघवत नाही.

कराडचा: स्वतःची गाडी न्या. बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, तेवढं सांभाळा.

मिरजकर: म्हैसूरहून एच. डी. कोटेमार्गे गेलं तर बंदीपूर लागतच नाही. मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे, रोज नाही, वार बघून घ्या.

वारणाकाठ: रेल्वेच बघते, गाडी चालवणारं कोणी नाही. आईचे गुडघे दुखतात हे लिहायचं राहिलं. बोटीत चढायला पायऱ्या आहेत का? कोणी नेलंय का गुडघेदुखीच्या माणसाला?