कृत्रिम पेशीपटलाचा रोध घटला, पण आयन कोणता गेला आणि कसा?

प्रश्न

नमस्कार. मी भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी.चा प्रकल्प करते आहे. टेफ्लॉनच्या पडद्यातील सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर डेकेन या तेलकट द्रावकात विरघळवलेले लिपिड (पेशीपटलातील मेदरेणू) लावून मी द्विस्तरी, म्हणजे दोन रेणूंच्या थरांचे पटल तयार करते. दोन्ही बाजूंना सारख्याच संहतीचे पोटॅशियम क्लोराइड आणि सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड असतात. पोटॅशियमचा वाहक मानले जाणारे व्हॅलिनोमायसिन घातल्यावर इम्पीडन्सच्या (प्रत्यावर्ती विद्युतदाबाला होणाऱ्या एकूण अडथळ्याच्या) आलेखातील अर्धवर्तुळ लहान होते, म्हणजे पटलाचा रोध घटतो. धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मात्र प्रति चौरस सेंटिमीटर ०.४ मायक्रोफॅरडच्या आसपास स्थिर राहते. धारिता बदलली नाही म्हणजे पटल शाबूत आहे आणि रोधातील घट व्हॅलिनोमायसिनने पोटॅशियम वाहून नेल्यामुळेच झाली, असा निष्कर्ष मी लिहिला आहे. माझ्या मार्गदर्शकांना तो पुरेसा वाटत नाही. त्यात नेमके काय कमी पडते आहे?

पहिला प्रतिसाद

मार्गदर्शकांचा आक्षेप रास्त आहे. ०.४ या आकड्यावरून एवढेच कळते की छिद्रावर जाड थेंब न राहता खरोखर द्विस्तर बनला आहे आणि त्याच्या मधल्या भागात थोडे डेकेनही अडकलेले आहे. गळती आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. हिशेब करून पाहा: १ नॅनोमीटर त्रिज्येचे, पाण्याने भरलेले एकच भोक १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये काही नॅनोसीमेन्स वाहकता देते. तुमच्या पटलाच्या क्षेत्रफळापुढे ते इतके नगण्य आहे की धारितेत त्याचा मागमूसही दिसणार नाही, पण तेवढ्याने कोऱ्या पटलाचा रोध कितीतरी पटींनी खाली येऊ शकतो.

दोन्ही बाजूंना एकच द्रावण असताना विद्युतप्रवाह पोटॅशियमचा की क्लोराइडचा, हे इम्पीडन्सला ओळखता येत नाही. म्हणून एका बाजूला पोटॅशियम क्लोराइड आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच संहतीचे सोडियम क्लोराइड घ्या आणि प्रवाह शून्य असताना पटलावर किती विभवांतर उभे राहते ते मोजा. व्हॅलिनोमायसिन सोडियमपेक्षा पोटॅशियमला हजारो पटींनी अधिक पसंती देते. त्यामुळे सोडियमची बाजू स्पष्टपणे धन होईल आणि विभवांतर शंभर मिलिव्होल्टच्याही पुढे जायला हवे. साध्या भोकातून मात्र पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड हे तिन्ही आयन जातात, त्यामुळे तिथे मोजकेच मिलिव्होल्ट मिळतात.

याऐवजी दोन्हीकडे पोटॅशियम क्लोराइडच, पण दहापट संहतिफरकाने घेण्याचा मोह होतो. त्यात एक खोच आहे: क्लोराइडची संहती वेगळी झाली की दोन्ही इलेक्ट्रोडचे स्वतःचे विभवही वेगळे होतात आणि तो फरक पटलाच्या विभवांतरात मिसळतो. तो प्रयोग करायचाच असेल, तर इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्यामध्ये अगारचे लवणसेतू (क्षारद्रावणाने भरलेल्या जोडनळ्या) ठेवा.

दुसरा प्रतिसाद

वरील मांडणी मला मान्य आहे. मात्र कोणता आयन गेला हे कळले तरी तो कसा गेला, हे वेगळे सिद्ध करावे लागते. पटलात मार्गिका, म्हणजे आयनांसाठी आरपार बोगदा बनवणारे ग्रॅमिसिडिनसुद्धा फक्त धन आयनांनाच जाऊ देते. म्युलर, रुडिन, टिएन आणि वेस्कॉट यांनी १९६२ मध्ये द्विस्तरी पटल छिद्रावर पुन्हा बांधून दाखवल्यानंतर वाहक (आयनाला सोबत घेऊन पटल ओलांडणारा रेणू) की मार्गिका हा वाद या क्षेत्राच्या केंद्रस्थानी आला. ह्लाडकी आणि हेडन यांनी १९७० मध्ये ग्रॅमिसिडिनच्या प्रवाहातील सुट्या पायऱ्या दाखवल्या; एकेक मार्गिका उघडते-मिटते तशी एकेक पायरी. १ पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख एकमूल्य आयन. ग्रॅमिसिडिनची एक मार्गिका त्याच पातळीवर वाहते म्हणून तिची पायरी दिसते. व्हॅलिनोमायसिनचा एक रेणू सेकंदाला साधारण दहा हजार आयन नेतो, म्हणून त्याचा प्रवाह सलग दिसतो. तरीही सलग प्रवाह हा वाहकाचा पुरावा होत नाही, कारण असंख्य मार्गिकांची बेरीजही तशीच दिसते.

माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर प्रयोग क्रॅस्नी, आयझेनमन आणि सॅबो यांचा, १९७१ चा आहे. त्यांनी तापमान उतरवून पटलच गोठवले. गोठलेल्या लिपिडातून व्हॅलिनोमायसिनला ये-जा करता आली नाही, त्यामुळे त्याची वाहकता कोसळली. ग्रॅमिसिडिनची मार्गिका मात्र एकदा उभी राहिली की तिला हलावे लागत नाही, म्हणून तिची वाहकता टिकून राहिली. तुमच्या लिपिडाचे गोठणबिंदूचे तापमान गाठण्याजोगे असेल, तर हा प्रयोग अवश्य करा. अशा पटलांसाठी वापरल्या जाणाऱ्या डायफायटॅनॉइल लिपिडाला मात्र नेहमीच्या तापमानांना असे संक्रमणच नसते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. छिद्रावरचे पटल तासाभरात फुटते, म्हणून पुढच्या टप्प्यात सोन्याच्या पृष्ठभागावर बांधलेले (रेणूंच्या दुव्यांनी सोन्याला जखडलेले) पटल वापरण्याचा विचार आहे. तिथे हेच विभवांतर मोजता येईल का?

तिसरा प्रतिसाद

नाही, आणि म्हणूनच विभवांतराचे मोजमाप आधी छिद्रावरच उरकून घ्यावे. सोने आणि पटल यांच्या फटीत पाण्याचा साठा अत्यल्प असतो. तिथे शिरलेले आयन साचतात आणि सोन्याशी त्यांची इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होत नाही, त्यामुळे स्थिर प्रवाह वाहत नाही. दोन्ही द्रावणे हवी तशी बदलण्याची सोयही उरत नाही. तिथे इम्पीडन्सवरच भिस्त ठेवावी लागते, आणि अर्थ लावताना त्या फटीचा व सोन्याच्या पृष्ठभागाचा वाटा वेगळा काढावा लागतो. टिकाऊपणा मात्र खरोखरच मोठा आहे: ऑस्ट्रेलियात कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशाच बांधलेल्या पटलात ग्रॅमिसिडिन बसवून जैवसंवेदक तयार केला. सोन्यावर जाताना ग्रॅमिसिडिन आणि व्हॅलिनोमायसिन या दोन्हींचे मोजमाप एकाच लिपिडावर घ्या, म्हणजे छिद्रावरच्या आकड्यांशी तुलना करता येईल.