रिकिबीमुळे युरोपात सरंजामशाही आली? मला तरी पटत नाही

पागेवाला:
मध्ययुगीन युरोपचा विषय निघाला की कुणीतरी हमखास लिहितं, रिकीब (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) आली म्हणून सरंजामशाही आली. हे मूळचं लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराचं, 1962 सालचं. थोडक्यात असं की रिकिबीत पाय रोवले की भाला काखेत दाबून घोड्याच्या सगळ्या वेगानिशी धडक देता येते, स्वार मागे फेकला जात नाही. आताच्या फ्रान्स-जर्मनीत राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचा सेनानी चार्ल्स मार्टेल याला हे कळलं, त्याने चर्चच्या जमिनी काढून स्वारांना दिल्या आणि त्यातून जमिनीच्या बदल्यात चाकरी ही पद्धत उभी राहिली. ऐकायला झकास आहे, पण पुरावा बघायला गेलं की हातात फारसं काही लागत नाही.

732 ची फ्रान्समधल्या प्वातिएची लढाई घ्या, स्पेनमधून आलेल्या मुस्लिम सैन्याशी झालेली, मार्टेलची सगळ्यात गाजलेली. स्पेनमधली 754 सालापर्यंतची लॅटिन बखर सांगते की उत्तरेकडचे लोक, म्हणजे फ्रँक, भिंतीसारखे उभे राहिले, थंडीने गोठल्यासारखे जागचे हलले नाहीत. आता हे दौडत जाणाऱ्या घोडदळाचं वर्णन आहे का? त्या शतकातल्या फ्रँक थडग्यांत रिकिबी सापडतात त्याही मोजक्याच. उलट आवार हे पूर्वेकडचे भटके स्वार 6व्या शतकाच्या शेवटी रिकीब घेऊन युरोपात आले, सुमारे 600 सालच्या बायझंटाइन युद्धग्रंथात घोडेस्वाराच्या सामानात ती आहे, मग बायझंटाइनांच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, तसली व्यवस्था का नाही उभी राहिली?

माझ्या मते समाज बदलला तो घोड्याच्या पोटामुळे. घोडा पोसायला कुरण लागतं, धान्य लागतं, माणसं लागतात, आणि हे सगळं ज्याच्याकडे तोच स्वार. 755 ला मार्टेलचा मुलगा, फ्रँक राजा पिपिन याने सैन्याचा वार्षिक मेळावा मार्चमधून मे महिन्यात नेला, तोपर्यंत गवत उगवलेलं असतं म्हणून, असं बरेच अभ्यासक मानतात. 758 ला त्याने उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांवर दरवर्षी 300 घोड्यांची खंडणी बसवली, त्याआधीच्या राजांच्या काळात हेच सॅक्सन 500 गाई देत होते. गाई सोडून घोडे मागायला लागला राजा, यातच सगळं आलं.

उभा_भाला:
रिकिबीला इतकं हलक्यात काढू नका. व्हाइटने ताणलं हे मान्य, त्याच्यावर 1963 पासूनच टीका झालीय, पण म्हणून हत्यार आणि साज यांचा समाजाशी संबंधच नाही असं कसं? आणि मे महिन्याचं म्हणाल तर गवत फक्त घोड्यांनाच लागतं का? सैन्यामागे सामानाच्या बैलगाड्या असायच्या, बैल काय हवा खाऊन चालत होते? त्या एका तारखेवरून घोडदळ वाढलं असं सिद्ध होत नाही. तुम्ही व्हाइटला म्हणता एका वस्तूवर सगळा डोलारा उभा केला, आणि स्वतः गवतावर तेच करताय.

शिवाय फ्रँकांच्या रिपुआरियन कायद्यात दंड भरताना कुठली वस्तू किती सॉलिडसला (तेव्हाचं नाणं) धरायची ते दिलंय. बैल 2, म्यानासकट तलवार 7, चिलखत 12. म्हणजे एका चिलखताला सहा बैल, आणि घोडा वेगळाच. श्रीमंत-गरीब फरक या सगळ्या साजसामानाने पाडला, एकट्या चाऱ्याने नाही.

नालबंद_माथेरान:
आमच्या घरात घोडेच पोटाला घालतात म्हणून राहवलं नाही. रिकीब नसली तरी पक्का स्वार पडत नाही, मांड घट्ट असली आणि खोगीर नीट बसवलेलं असलं की झालं, रोमन लोक शेकडो वर्षं रिकिबीशिवायच लढले ना. रिकिबीचा खरा फायदा म्हणजे दिवसभर बसलं तरी पाय लोंबून भरून येत नाहीत, उठून बाजूला वाकता येतं, आणि नवशिका माणूस लवकर तयार होतो.

पण पागेवाल्यांचं चाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. एक घोडा दिवसाला दहा किलोच्या आसपास सुका चारा खातो, कामाचा असेल तर चंदी, म्हणजे दाणा, वेगळी, वर पाणी तीस लिटर सहज. बैल रवंथ करतो, निकृष्ट कडब्यावरही तग धरतो, घोड्याचं तसं नाही. चंदी एकदम वाढवली की पोटशूळ उठतो, मग तो पुन्हा पुन्हा कुशीकडे मान वळवून बघतो, पाय आपटतो, खाली पडून लोळायला लागतो, आणि रात्रभर त्याला धरून फिरवत बसा. घोडा सांभाळणारा मोतद्दार जाणता नसला तर एका रात्रीत जनावर हातचं जातं. असे हजारो घोडे मोहिमेवर नेणं म्हणजे काय असेल विचार करा.

पागेवाला:
@नालबंद, नेमकं हेच. 791 ला पिपिनचा मुलगा शार्लमेन आवारांवर चालून गेला तेव्हा घोड्यांत साथ आली, राजदरबारच्या बखरीत लिहिलंय की हजारो घोड्यांतला जेमतेम दहावा हिस्सा वाचला म्हणतात. एवढी हानी भरून काढायची तर पैदाशीची पक्की सोय हवी. सुमारे 800 सालचं राजाच्या शेतवाड्यांचं नियमपत्र बघा, त्यात वळू घोड्यांची काळजी घ्या, एकाच कुरणात फार दिवस ठेवू नका, एखादा म्हातारा किंवा निकामी झाला तर माद्यांकडे सोडायच्या हंगामाआधी कळवा, शिंगरं वेळेवर वेगळी करा आणि सेंट मार्टिनच्या सणाला, म्हणजे 11 नोव्हेंबरला, राजवाड्यावर हजर करा, इतकं बारीक लिहिलंय. पश्चिम युरोपच्या मोठ्या भागावर राज्य करणारा माणूस शिंगरांचा हिशेब मागतोय!

@उभा_भाला, बैलांचा मुद्दा रास्त आहे, पण सॅक्सनांच्या खंडणीचं काय?

नांगरट:
तुम्ही सगळे लढाईतच अडकलात. तेव्हाची बहुसंख्य जनता शेतकरी होती आणि त्यांच्या आयुष्यात घोडा जवळजवळ नव्हताच, नांगराला बैल. 9व्या शतकाच्या शेवटी नॉर्वेचा ओटार नावाचा माणूस इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे आला, त्याने सांगितलं की माझी जी थोडीशी शेती आहे ती मी घोड्यांनी नांगरतो. ते मुद्दाम लिहून ठेवलंय. शेतात घोडा खऱ्या अर्थाने दिसायला लागतो तो 11व्या-12व्या शतकात, ओढकामाचा गळपट्टा, नाल आणि ओट या धान्याचं पीक यांची सांगड बसल्यावर. त्यामुळे 'घोड्याने समाज बदलला' म्हणताना कुणाचा समाज ते आधी सांगा. ज्याच्या शेतातला चारा जमीनदाराच्या घोड्यासाठी जात होता त्याच्यासाठी घोडा म्हणजे निव्वळ वेठ होती, आणि त्याचा हिशेब कुठल्याच बखरीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

उभा_भाला:
नांगरटशी सहमत. आणि याच कारणासाठी मला चाऱ्याचा सिद्धांत अपुरा वाटतो, कारण घोड्याचा मान हिशेबात बसतच नाही. फ्रँक राजा शिल्डेरिक 481-82 च्या सुमारास वारला, आताच्या बेल्जियममधल्या तूर्नेला त्याच्या थडग्याच्या आसपासच्या खड्ड्यांत निदान 21 घोडे पुरलेले सापडले. पैशाचा विचार करणारा कुणी 21 घोडे मातीत घालेल का? पोप तिसऱ्या ग्रेगरीने सुमारे 732 ला जर्मनीत धर्मप्रसार करणाऱ्या बोनिफेसला पत्र लिहून जर्मनांचं घोड्याचं मांस खाणं बंद करायला सांगितलं, आणि इ.स. 1000 च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा जुन्या ज्या गोष्टींना सूट मागून घेतली त्यात घोड्याचं मांस होतं. धर्म बदलायला तयार, पण हे सोडायला नाही. इथे गवत आणि चंदी काय सांगणार?

खंडणीबद्दल सांगतो, राजाने घोडे मागितले याचा अर्थ त्याला घोडे हवे होते इतकाच. त्यावर बसून भाला चालवला, निरोप पोचवले की सरदारांना भेटी देऊन बांधून ठेवलं, ते त्या आकड्यात नाही.

पागेवाला:
पण 806 चा हुकूम बघा ना. शार्लमेन मठाधिपती फुलराडला लिहितो, प्रत्येक स्वाराकडे ढाल, भाला, तलवार, आखूड तलवार, धनुष्य आणि बाणांचे भाते हवेत. धनुष्य! म्हणजे हा काखेत भाला दाबून धडकणारा व्हाइटचा वीर नव्हेच. आणि हे पत्र मठाला जातंय, स्वार मठाच्या जमिनीवर पोसायचे आहेत. शिल्डेरिकच्या घोड्यांचं म्हणाल, तर 21 घोडे पुरणं परवडतं कुणाला, हा प्रश्न पुन्हा कुरणाशीच येतो, मान त्या खर्चातूनच आला असं माझं ठाम मत आहे. नांगरट यांच्या मुद्द्यावर मात्र वेगळा धागा काढायला हवा, मठांच्या 9व्या शतकातल्या जमीन-वह्यांत कुळांनी काय काय द्यायचं ते लिहिलेलं आहे, तिथून सुरुवात करू.