शब्दचर्चा: दाखल क्रमांक, बारकोड आणि आयएसबीएन

प्रश्न: वाचनालयातली पुस्तकं संगणकावर चढवायची आहेत. मलपृष्ठावर आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकाचा) बारकोड छापलेला असतोच, मग दाखल क्रमांकाचा वेगळा बारकोड कशाला?

प्रतिसाद १: आयएसबीएन आवृत्तीचा असतो, प्रतीचा नव्हे. एकाच आवृत्तीच्या पाच प्रती घेतल्या तर पाचींवर तोच १३ आकडी क्रमांक. त्यातली कोणती प्रत कोणत्या सभासदाकडे आहे, हे त्यावरून कळणार नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर तर तो नसतोच. ‘दाखल क्रमांक’ म्हणजे दाखल नोंदवहीतला त्या एका प्रतीचा क्रमांक. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत एका ग्रंथनोंदीखाली प्रत्येक प्रतीची स्वतंत्र नोंद होते आणि तिथल्या बारकोडच्या रकान्यात हाच क्रमांक भरतात.

प्रतिसाद २: इथे आणखी एक गल्लत होते. बारकोड हा स्वतः क्रमांक नाही. क्रमांक यंत्राला वाचता यावा म्हणून रेघांत लिहिलेला असतो, इतकंच. म्हणून रेघांखाली आकडे छापाच. रेघा पुसल्या तरी देवघेव हातानं टंकून चालू राहते. ‘बोधांक’ही वेगळा: तो पुस्तकाची फडताळावरची जागा सांगतो, वर्गीकरण बदललं की बदलतो. प्रत ओळखायला तो वापरू नका.

प्रतिसाद ३: सर्वाधिक घोळ एक्सेलमध्ये होतो. 004512 टाकलं की शून्यं गळून 4512 उरतं. लेबलवर मात्र 004512 छापलेलं असतं. स्कॅनर बरोबर वाचतो आणि प्रणाली म्हणते, नोंद सापडली नाही. माहिती भरण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. लेबल छापताना कोड १२८ या प्रकारच्या बारकोडच्या दोन्ही बाजूंना सर्वांत बारीक रेघेच्या दहापट कोरी जागा हवी, म्हणजे रेघ ०.२५ मिमी असेल तर २.५ मिमी. कात्री तिथेच चालते आणि मग स्कॅनर अडतो. थर्मल कागद टाळा, उन्हानं नि उष्णतेनं छपाई उडते.

प्रतिसाद १: आणि पुस्तक बाद केलं तरी त्याचा दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही देऊ नका. जुन्या देवघेवीच्या नोंदी त्याच क्रमांकावर असतात. शिवाय हरवलं म्हणून बाद केलेलं पुस्तक सभासद परत आणून देतो, तेव्हा एकाच क्रमांकाच्या दोन प्रती टेबलावर येतात.