मूलनिवासी समाजांनी आरोग्यसेवेचा कारभार हाती घेतल्यावर नेमके काय बदलते?

उंबरठा

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमासाठी टिपण लिहिताना एका गोष्टीचा उलगडा होईना, म्हणून इथे विचारतो. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत मूलनिवासी समाजांनी आपल्या दवाखान्यांचा कारभार सरकारकडून स्वतःकडे घेतल्याचे वाचनात आले. परंतु न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूलनिवासी माओरींसाठी जुलै 2022 मध्ये सुरू झालेले ‘ते आका फाई ओरा’ हे आरोग्य प्राधिकरण जून 2024 अखेर बंदही झाले. असे जर दोन वर्षांत गुंडाळता येत असेल, तर या हस्तांतरणाला अर्थ काय? की सरकारने आपली जबाबदारी झटकण्याचा हा सभ्य मार्ग आहे?

लेखनिक

आपण चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत, त्या आधी सोडवू. न्यूझीलंडचे प्राधिकरण सरकारने स्वतःच्या कायद्याने निर्माण केले होते. सत्ता बदलली, नव्या बहुमताने कायदा बदलला आणि संस्था संपली. ऑस्ट्रेलियात मुळात हस्तांतरणापासून सुरुवातच झाली नाही. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात तिथल्या मूलनिवासींनी स्वयंसेवक डॉक्टरांच्या मदतीने स्वतःचा दवाखाना उघडला, सरकारी पैसा मागाहून आला.

अमेरिकेचे तसे नाही. 1975 च्या स्वयंनिर्णय कायद्यानुसार एखाद्या जमातीने सरकारी आरोग्यसेवा स्वतः चालवण्याचा प्रस्ताव दिला, तर सरकारला 90 दिवसांच्या आत तो मान्य करावा लागतो किंवा कायद्यात नमूद केलेल्या मोजक्या कारणांपैकी एक दाखवून नाकारावा लागतो. ‘तुमची क्षमता सिद्ध करा’ असे म्हणून खेटे घालायला लावण्याची सोय सरकारकडे उरत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात केंद्र, प्रांत आणि मूलनिवासी नेतृत्व यांच्यात 2011 मध्ये त्रिपक्षीय करार झाला आणि 1 ऑक्टोबर 2013 रोजी प्रांतातल्या दोनशेहून अधिक मूलनिवासी राष्ट्रांसाठीच्या (तिथे या समाजांना ‘राष्ट्रे’ म्हणतात) केंद्रीय आरोग्यसेवा ‘फर्स्ट नेशन्स हेल्थ ऑथॉरिटी’कडे आल्या. तिथे राजकीय वाटाघाटी करणारी परिषद वेगळी आणि सेवा चालवणारी संस्था वेगळी ठेवली आहे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण औषधांच्या खरेदीत पुढाऱ्यांचा हात शिरू लागला की कारभार कोणाचाही असला तरी दवाखान्याचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

काजवा

‘जबाबदारी झटकणे’ या शंकेला मात्र आधार आहे आणि तो पैशाच्या हिशेबात सापडतो. दवाखाना सरकारी असतो तेव्हा त्याचे लेखापरीक्षण, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, कायदेशीर सल्ला ही कामे सरकारचीच इतर खाती करतात आणि त्यांचा खर्च दवाखान्याच्या अंदाजपत्रकात दिसतच नाही. जमातीने दवाखाना हाती घेतला की हे सगळे तिला स्वतः करावे लागते. सरकारने फक्त डॉक्टर-परिचारिकांच्या पगाराचे आणि औषधांचे पैसे दिले, तर हा आस्थापना खर्च रुग्णसेवेतूनच काढावा लागणार, हे उघड आहे.

अमेरिकेत यावरून वर्षानुवर्षे खटले चालले. 2005 मध्ये चेरोकी नेशन या जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निधी अपुरा असल्याची सरकारची सबब अमान्य केली. जून 2024 मध्ये सॅन कार्लोस अपाची जमातीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला, की मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजना किंवा खासगी विमा यांच्याकडून मिळालेले उत्पन्न जमात जेव्हा आरोग्यसेवेवरच खर्च करते, तेव्हा त्या खर्चापोटी येणारा आस्थापना खर्चही सरकारने द्यायचा. म्हणजे 1975 च्या कायद्याचा पूर्ण अर्थ लागायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

पायवाट

कायदा आणि पैसा ठीक. पण दवाखान्यात शिरणाऱ्या माणसाला काय वेगळे दिसते, ते अमेरिकेच्या अलास्का राज्यात पाहावे. तिथल्या अँकरेज शहरातली साउथसेंट्रल फाउंडेशन ही संस्था 1982 मध्ये स्थापन झाली आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिने तिथल्या प्राथमिक सेवेचा पूर्ण ताबा घेतला. त्याआधी ठरलेला डॉक्टर नसल्यामुळे साध्या तक्रारीसाठीही लोक आपत्कालीन विभागात ताटकळत बसत. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कुटुंबाला एक ठरलेला चमू मिळाला आणि त्याच दिवशी भेट मिळण्याची सोय झाली. डॉक्टर, परिचारिका आणि मानसिक आरोग्याचे सल्लागार एकाच मोकळ्या जागेत शेजारी शेजारी बसतात. नुसते बोलण्यासाठी वेगळ्या खोल्या आहेत, ज्यांत तपासणीचे टेबलच नाही. ‘रुग्ण’ हा शब्द टाळून ते ‘ग्राहक-मालक’ म्हणतात. हा शब्द कानाला थोडा व्यापारी लागतो, पण संचालक मंडळच मूलनिवासींचे असल्यामुळे त्यातला ‘मालक’ नुसता शोभेचा नाही. 2011 आणि 2017 मध्ये या संस्थेला अमेरिकेचा बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

ब्रिटिश कोलंबियाबद्दल लेखनिक यांच्या प्रतिसादात एक मर्यादा जोडावीशी वाटते. हस्तांतरण झाले ते केंद्राच्या सेवांचे. मोठी रुग्णालये प्रांताकडेच राहिली. 2020 मध्ये प्रांतानेच नेमलेल्या चौकशीत तिथल्या आरोग्यव्यवस्थेत मूलनिवासींविषयी वंशभेद खोलवर मुरल्याचे आढळले. गावातला दवाखाना आपला झाला, तरी शस्त्रक्रियेसाठी ज्या दारात जावे लागते ते दार परक्याचेच राहते.

उंबरठा

सर्वांचे आभार. माझी गल्लत मान्य. एकच शंका उरली: एखाद्या लहान जमातीला हा भार पेलला नाही, तर तिच्यापुढे कोणता मार्ग असतो?

लेखनिक

अमेरिकी कायद्यात त्याची तरतूद आहे. जमात आपणहून कार्यक्रम सरकारला परत देऊ शकते आणि सरकारला तो पुन्हा चालवावा लागतो. याउलट सरकारला जमातीच्या मर्जीविरुद्ध तो काढून घ्यायचा असेल, तर लोकांच्या आरोग्याला व सुरक्षिततेला धोका किंवा निधीचा गंभीर गैरवापर अशी कारणे दाखवावी लागतात. अनेक जमातींनी सगळ्या सेवा न घेता एखादीच घेतली आहे, उदाहरणार्थ फक्त दंतचिकित्सा, आणि बाकीच्या सरकारकडेच राहू दिल्या आहेत.